ट्रॉलीतल्या मजुराची नोंद कोण ठेवणार?

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना शेतावर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिला मृत्युमुखी पडल्या. या महिला हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावच्या. रोजच्या मजुरीला निघालेल्या. दुर्घटनेनंतर सरकारने मदत जाहीर केली. ती केलीच पाहिजे. पण मदत आणि भरपाई या दोन गोष्टी एक नव्हेत. मदत ही राज्यकर्त्यांच्या मर्जीवर असते. भरपाई हा हक्क असतो. ज्या दिवशी मेलेल्यांची संख्या सात नसून एक असते, त्या दिवशी मदत जाहीर होत नाही. म्हणून आमचा प्रश्न सरळ आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामाला जाणाऱ्या मजुराला देशाचा कायदा हक्काने काय देतो?

उत्तर शोधण्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ उघडावा लागतो. या कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर म्हणजे स्वतः कोणताही भार वाहून नेण्यासाठी न बनवलेले वाहन. ते ओढण्यासाठी आहे, वाहण्यासाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे आणि त्याला बिगर-परिवहन वाहन ठरवले आहे. म्हणजे नोंदणीच्या बाबतीत तो ट्रकच्या रांगेत नाही. त्याच्या मागची ट्रॉली मात्र कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे. ट्रॉलीला स्वतःचे इंजिन नसले तरी तिची वेगळी नोंदणी करावी लागते, तिला वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या गावात उभ्या असलेल्या ट्रॉल्यांकडे एकदा नजर टाकावी. किती ट्रॉल्यांवर क्रमांक आहे? गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेली, परिवहन कार्यालयाचे तोंडही न पाहिलेली ट्रॉली बिनदिक्कत राज्यमार्गावर धावते आणि त्यात आपली माणसे बसलेली असतात.

चालकाचेही तसेच. ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो आणि तो चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण असलेला, परवाना असलेला चालक लागतो. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. तरीही हंगामात मिसरूड न फुटलेली पोरे मोठ्या आवाजात गाणी लावून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढताना दिसतात. नियम नाहीत असे नाही. नियम आहेत, पण ते कोणाच्या जिवासाठी अमलात आणायचे हे व्यवस्थेने ठरवून ठेवले आहे.

आता या कायद्यातील एक बारीक फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. वाहनाच्या नोंदणीची सक्ती करताना कायदा म्हणतो, सार्वजनिक जागी ‘किंवा अन्य कोणत्याही जागी’. पण चालकाचा परवाना आणि तिसऱ्या पक्षाचा विमा यांची सक्ती करताना तोच कायदा केवळ ‘सार्वजनिक जागी’ एवढेच म्हणतो. म्हणजे नोंदणी वाहनाबरोबर शेतात शिरते आणि विमा बांधावर थांबतो! मजूर बाई मात्र त्याच ट्रॉलीत बसून डांबरी रस्ता, पाणंद, बांध आणि विहिरीचा काठ असा एकसलग प्रवास करते. तिचा मृत्यू नेमका कुठल्या हद्दीत झाला यावर वकील वाद घालतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली सार्वजनिक जागेचा अर्थ व्यापक करून लोकांना प्रवेश असलेल्या खाजगी जागेचाही त्यात समावेश केला, हे खरे. पण तो अर्थ कोर्टात जाऊन मांडावा लागतो. कोर्टात जाण्याची ताकद कोणाकडे असते हे आम्ही सांगायला नको.

समजा अपघात रस्त्यावरच झाला. ट्रॅक्टरचा विमा आहे, चालकाकडे परवाना आहे. तरीही ट्रॉलीतल्या मजुराला विमा कंपनी पैसे देईलच असे नाही. रस्त्यावरून चालणारा माणूस ट्रॅक्टरखाली आला तर तो ‘तिसरा पक्ष’, त्याची भरपाई विमा कंपनीकडे. ट्रॉलीत बसलेला माणूस पडून मेला तर तो कोण? मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. २००७ साली याच न्यायालयापुढे एका जखमी मजुराचे प्रकरण आले. तो ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून मातीच्या कामावर जात होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या वापरापुरता, काम वीटभट्टीचे आणि ट्रॉलीचा तर विमाच नव्हता. न्यायालयाने कायद्याप्रमाणे विमा कंपनी जबाबदार नाही असे ठरवले. मात्र मजुराची परिस्थिती पाहून घटनेच्या कलम १४२ खालील खास अधिकार वापरला आणि कंपनीने आधी मजुराला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. त्या मजुराला न्याय मिळाला, पण तो न्यायाधीशांच्या करुणेतून मिळाला, कायद्यातून नव्हे. कलम १४२ चा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे. वसमतच्या किंवा केजच्या मजुराने त्यासाठी दिल्ली गाठायची काय?

२०१९ साली संसदेने हा कायदा मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केला. हे छिद्र बुजवण्याची संधी होती. झाले उलटेच. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कलम १४७ मध्ये परिवहन वाहनातील प्रवाशाला सक्तीच्या विम्याचे संरक्षण दिले, पण ‘मालवाहू वाहनातील फुकट प्रवासी’ स्पष्ट शब्दांत वगळला. शेतीचा ट्रॅक्टर मुळात परिवहन वाहनच नाही, म्हणून त्यावरचा मजूर पहिल्या दारातून बाहेर. ट्रॉलीला मालवाहू धरावे, तर तो दुसऱ्या दारातून बाहेर. पूर्वी जे निकालात होते ते आता थेट कायद्याच्या कलमात आले.

‘फुकट प्रवासी’ या शब्दाला आमचा सर्वात मोठा आक्षेप आहे. पहाटे भाकरी बांधून निघालेली बाई ट्रॉलीत फुकट बसते काय? ती मालकाच्या गरजेने बसते. तिला वेळेवर शेतात पोहोचवले नाही तर मालकाचा दिवस बुडतो. ऑक्टोबरमध्ये बीड, जालना, परभणीकडची ऊसतोड कुटुंबे भांडीकुंडी, लेकरेबाळे आणि कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, ती सहलीला निघत नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली असते, कारखान्याचे गाळप त्यांच्या हातावर अवलंबून असते. या माणसांना फुकट म्हणणे म्हणजे त्यांच्या श्रमाची किंमत शून्य धरणे होय. ट्रॉलीत ऊस असेल तर त्याचे वजन काट्यावर होते, पावती फाटते. त्याच ट्रॉलीत माणूस असेल तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

यावर प्रशासनाचे ठरलेले उत्तर म्हणजे बंदी. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ भाविकांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात उलटून २६ जणांचा बळी गेला. त्यानंतर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी ट्रॉलीतून माणसे नेऊ नका असे आवाहन केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी दिल्लीकडे निघाले तेव्हा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉली वापरता येत नाही, असे त्यांना सुनावले. आंदोलन निघाले की मोटार वाहन कायदा लगेच आठवतो. वर्षाचे बाराही महिने मजुरांनी भरलेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्यांवरून जातात, तेव्हा तो कोणाला आठवत नाही. आम्ही बंदीच्या बाजूने नाही. ज्या गावात सकाळी सहाला एसटी येत नाही, तिथे ट्रॉली बंद करणे म्हणजे मजुरी बंद करणे. दंड मालकाला होईल आणि तो मजुरीतून कापला जाईल.

मग मार्ग कोणता? १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत असताना बाबासाहेबांनी केंद्रीय कायदेमंडळात युद्धात इजा झालेल्या कामगारांच्या भरपाई-विम्याचे विधेयक मांडले. त्यामागचे तत्त्व आजही मार्गदर्शक आहे. भरपाईची जबाबदारी मालकावर टाकायची, आणि मालक ती पार पाडू शकेल की नाही यावर कामगाराला सोडायचे नाही, म्हणून त्या जबाबदारीचा सक्तीचा विमा उतरवायचा. नुसता हक्क कागदावर देऊन भागत नाही, हक्काच्या मागे पैसा उभा करावा लागतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. घटनेचे कलम ४२ कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीची हमी देण्यास राज्याला सांगते. कामावर नेणारी ट्रॉली ही कामाच्या परिस्थितीचाच भाग नाही काय?

या दिशेने काही दारे किलकिली झाली आहेत. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीवरील कामगार होताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही कामाशी संबंध सिद्ध झाल्यास भरपाईस पात्र धरला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच मराठवाड्यातील साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या कुटुंबाला, तो कामावर जाताना वाटेत मेला असतानाही, जुन्या कायद्याखाली भरपाईचा हक्क दिला. पण ही घटना २००३ सालची! बावीस वर्षांनी निकाल. आणि त्या पहारेकऱ्याची कारखान्यात नोकरी होती. रोजंदारीवरच्या बाईचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे?

राज्य सरकारची शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात सुरक्षा योजना आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. सातबारा ज्याच्या नावावर, अपघात त्याचाच! ऊसतोड कामगारांसाठी अलीकडे वेगळी योजना करण्याचा निर्णय झाला, त्याचे स्वागत. परंतु खुरपणी, कापूसवेचणी, हळदकाढणीला ट्रॉलीतून जाणाऱ्या भूमिहीन महिलेचे काय? जमीन नाही म्हणून ती मजूर झाली आणि जमीन नाही म्हणूनच ती मदतीलाही अपात्र ठरली.

या प्रश्नाची दुसरी बाजूही आपल्याच दारात आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना मिनी ट्रॅक्टर व ट्रेलरसह उपसाधने ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना राज्यात आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत तीन लाख पंधरा हजारांचे अनुदान. म्हणजे आपली माणसे आता केवळ ट्रॉलीत बसणारी नाहीत, ट्रॉलीची मालकही आहेत. विमा कंपनीने मजुराला पैसे देऊन मालकाकडून वसूल करायचे म्हटले तर वसुली गटावर येईल. म्हणून प्रत्येक गटाने ट्रेलरची वेगळी नोंदणी करावी, पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे का ते वाचावे, चढ-उतार करणाऱ्या मजुरांची जोखीम जादा हप्ता भरून घ्यावी आणि परवाना नसलेल्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नये.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कलम १४७ मधून कामावर नेल्या जाणाऱ्या मजुराला ‘फुकट प्रवासी’ समजणे बंद करावे. शेती ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या सक्तीच्या विम्यात ठराविक संख्येच्या मजुरांचा समावेश करावा आणि तो शेतातही लागू असावा. मजूर नेणाऱ्या ट्रॉलीसाठी कठडा, बसण्याची सोय, मागचे दिवे व परावर्तक आणि वेगमर्यादा यांचे वेगळे नियम करून गावातच नोंदणी शिबिरे घ्यावीत. साखर कारखान्यांनी विमा नसलेल्या वाहनाशी वाहतुकीचा करारच करू नये.

हे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. अपघात झाला की पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोहोंचे क्रमांक, पॉलिसी व परवाना पंचनाम्यात आले का ते पाहावे. मृत व्यक्ती मजुरीला जात होती, कोणाच्या शेतात जात होती, हे जबाबात लिहून घ्यावे, कारण सगळा दावा त्या एका वाक्यावर उभा राहतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट २०१९ च्या दुरुस्तीने आणली आहे. मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला असला, तरी त्या भरवशावर राहू नये. हंगाम संपवून कुटुंब गावी परतेपर्यंतच सहा महिने निघून जातात. गुंजच्या सात भगिनींना परत आणता येणार नाही. पण पुढच्या ट्रॉलीत बसणाऱ्या बाईचे नाव कायद्याच्या वहीत लिहून घेणे आपल्या हातात आहे.