खडा निघाला, आजार उरला

कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाचे जुने नाव प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटल. १८९८ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी तेथील प्रयोगशाळेत पक्ष्यांमधील मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. त्याच संस्थेत आज पचनसंस्था आणि यकृताच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा विभागांत येणारा एक चिवट आजार म्हणजे यकृताच्या आतील पित्तनलिकांत पुनःपुन्हा होणारे खडे. रॉस यांच्या संशोधनाने शिकवलेला धडा, म्हणजे रोगाचा माग त्याच्या उगमापर्यंत घ्यावा, या आजाराला अजून पुरेसा लागू झालेला नाही.

पित्ताशयातील खडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. पित्ताशय काढले की तो प्रश्न बहुधा मिटतो. येथे मात्र खडे यकृतातच तयार होतात. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली वेदना आणि कावीळ घेऊन रुग्ण येतो. प्रतिजैविके आणि दुर्बिणीच्या साहाय्याने तात्पुरता बरा होतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी परत येतो. डिग्बी यांनी १९३० मध्ये हाँगकाँगमधील अशा रुग्णांचे वर्णन केले. पूर्व आशियात हा आजार अधिक दिसतो. पूर्व आणि ईशान्य भारतातही तो आढळतो.

खडे परत का होतात? पित्तातील बिलिरुबिन एरवी ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडलेले, म्हणून विद्राव्य असते. ई. कोलायसारखे जिवाणू नलिकेत शिरले की त्यांचे विकर हा जोड तोडते. सुटे झालेले बिलिरुबिन कॅल्शियमशी संयोग पावते आणि तपकिरी, ठिसूळ खडा बनतो. जपानमधील माकी यांनी १९६६ मध्ये ही साखळी मांडली. खड्यामुळे नलिकेला सूज येते, सुजेचा व्रण नलिका अरुंद करतो आणि अरुंद नलिकेमागे पित्त साचते. नळीतील संथ प्रवाहाच्या नियमानुसार व्यास निम्मा झाला, तर प्रवाहाला होणारा विरोध सोळा पट वाढतो. साचलेल्या पित्तात जिवाणू वाढतात आणि पुढचा खडा घडू लागतो. म्हणजे खडा हा परिणाम आहे. कारण आहे ती अरुंद, दूषित नलिका.

शस्त्रक्रियेचा विचार येथूनच करायला हवा. आजार यकृताच्या एकाच भागापुरता असेल (बहुधा तो डावीकडे असतो) आणि तो भाग आक्रसला असेल, तर खड्यांसह तो भागच काढणे हा सर्वांत टिकाऊ उपाय ठरतो. निरोगी यकृत वाढून उणीव भरून काढते. आजार दोन्ही बाजूंना पसरला असेल, तर नलिका दुर्बिणीने साफ करून काही रुग्णांत त्या लहान आतड्याला जोडतात. कधी त्या आतड्याचे एक टोक त्वचेखाली ठेवले जाते, म्हणजे पुढे पोट पुन्हा न उघडता नलिकांपर्यंत पोहोचता येते.

‘साध्या खड्यासाठी यकृत कापायचे?’ हा आक्षेप ऐकू येतो. तो अगदीच गैरलागू नाही. यकृतावरील शस्त्रक्रियेला धोका आहेच. परंतु वाट पाहण्यातही धोका आहे. वारंवारच्या संसर्गातून यकृतात गळू होऊ शकते, रक्तात विष पसरू शकते आणि दीर्घकाळ सुजलेल्या नलिकांत कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून योग्य रुग्णात हा निर्णय चौथ्या-पाचव्या झटक्यापर्यंत लांबणीवर टाकणे हितावह नाही.

यशाचे मापही बदलले पाहिजे. तबकात किती खडे जमले, यापेक्षा पुढील पाच-दहा वर्षे रुग्ण तापाविना जगला का, हा खरा प्रश्न आहे. रोजंदारी बुडवून दूरच्या जिल्ह्यातून कोलकात्यात येणारा रुग्ण वेदना थांबल्या की येणे सोडतो आणि त्याची नोंदही तेथेच थांबते. सरकारी रुग्णालयांनी या रुग्णांची सामायिक दीर्घकालीन नोंद ठेवली आणि सोनोग्राफीची तपासणी त्यांच्या जिल्ह्यातच उपलब्ध केली, तर कोणती शस्त्रक्रिया कोणाला टिकते, याचे उत्तर आपल्याच रुग्णांकडून मिळेल.

आणि अखेरीस उगम. प्रत्येक रुग्णात जंत सापडतात असे नाही. पण काश्मीरमध्ये खुरू आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पित्तमार्ग व स्वादुपिंडात जंत शिरलेल्या ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जपानमध्ये महायुद्धानंतर आहार आणि स्वच्छता सुधारली, तसे तपकिरी खड्यांचे प्रमाण घटत गेले. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. ते आवश्यकच आहे. तथापि गोळीबरोबर शुद्ध पाणी आणि शौचालय पोहोचले नाही, तर जंत परततात. शल्यचिकित्सकाची सुरी एका रुग्णाचे दुष्टचक्र तोडते. पुढच्या पिढीचे चक्र सुरूच होऊ नये, हे काम नळाच्या पाण्याचे आहे.