फुकट मिळालेलं तिकीट विकलं तर बिघडलं कुठे? 'लाइव्ह ८'चा वाद आणि आजही न सुटलेला प्रश्न

लंडनच्या हाइड पार्कमध्ये २ जुलै २००५ रोजी एक प्रचंड मोठी मैफल होणार होती. पॉल मॅकार्टनी, मडोना, यू-टू आणि बऱ्याच वर्षांनी एकत्र येणारा पिंक फ्लॉइड, असे सगळे एकाच मंचावर. तिकीट मोफत. विजेत्यांची नावं ठरली आणि लगेचच ही मोफत तिकिटं 'ईबे' या लिलावाच्या वेबसाइटवर विक्रीला आली. बोली शेकडो पौंडांत लागू लागली.

त्यावरून ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. या गोष्टीला २० वर्षं उलटून गेली, पण प्रश्न जुना झालेला नाही. एखाद्या चांगल्या कामासाठी फुकट वाटलेलं तिकीट विकून पैसे कमावणं चूक आहे का? असेल, तर त्यात नुकसान नेमकं कुणाचं होतं?

'लाइव्ह ८'मध्ये काय घडलं होतं?

आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी १९८५ साली 'लाइव्ह एड' ही मैफल झाली होती. तिचे एक आयोजक होते गायक बॉब गेल्डॉफ. वीस वर्षांनी त्यांनीच 'लाइव्ह ८' आयोजित केलं. या वेळी उद्देश वेगळा होता. जुलै २००५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनइगल्स इथे जी-८ देशांच्या नेत्यांची बैठक होणार होती. गरीब देशांची कर्जं माफ करा, मदत वाढवा, व्यापाराचे नियम न्याय्य करा, यासाठी या नेत्यांवर दबाव आणायचा होता. त्यामुळे लोकांकडून देणगी न मागता त्यांची उपस्थिती मागण्यात आली. गर्दी हाच संदेश होता.

लंडनच्या तिकिटांसाठी एसएमएस स्पर्धा ठेवली गेली. एका प्रश्नाचं उत्तर पाठवायचं, एका मेसेजचा खर्च दीड पौंड. २० लाखांहून जास्त मेसेज आले. त्यातून सुमारे ६६ हजार विजेते निवडले गेले आणि प्रत्येकाला दोन तिकिटं मिळणार होती. मेसेजमधून जमलेल्या पैशांतून कार्यक्रमाचा खर्च आणि 'प्रिन्सेस ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेला मदत, अशी व्यवस्था होती.

तिकिटं ईबेवर दिसताच गेल्डॉफ भडकले. गरिबांच्या नावाने चाललेल्या कार्यक्रमातून होणारी ही किळसवाणी नफेखोरी आहे, असा त्यांचा सूर होता. ईबेने आधी माघार घ्यायला नकार दिला. अशी तिकिटं विकणं ब्रिटनमध्ये बेकायदा नाही आणि या विक्रीतून आम्हाला मिळणारं शुल्क आम्ही 'लाइव्ह ८'ला देऊ, असं कंपनीचं म्हणणं होतं.

मग सामान्य युजर्सनी वेगळाच मार्ग काढला. त्यांनी या तिकिटांवर एक कोटी पौंडांपर्यंतच्या खोट्या बोली लावल्या, म्हणजे लिलावच निरुपयोगी व्हावा. अखेर १४ जून २००५ रोजी ईबेने ही तिकिटं साइटवरून काढण्याचा निर्णय घेतला. कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. लोकांच्या संतापापुढे कंपनी नमली होती.

विकणाऱ्यांची बाजू काय?

ही बाजू वाटते तितकी पोकळ नाही.

पहिला मुद्दा मालकीचा. तिकीट मला मिळालं, आता ते माझं. वाढदिवसाला मिळालेली भेटवस्तू कुणी विकली तर आपण पोलिसांत जात नाही. 'लाइव्ह ८'च्या विजेत्यांनी तर मेसेजचे पैसेही मोजले होते.

दुसरा मुद्दा अर्थशास्त्रातला. विकणाऱ्याला पैसे हवे होते, घेणाऱ्याला मैफल. दोघंही खूश. मैदानातली गर्दीही तेवढीच राहिली. आफ्रिकेतल्या एकाही माणसाच्या ताटातला घास कमी झाला नाही, कारण तिकिटाचे पैसे तिकडे जाणारच नव्हते.

यावर अमेरिकन तत्त्वज्ञ मायकल सँडल यांनी २०१२ च्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या पुस्तकात सविस्तर चर्चा केली आहे. त्यांचं एक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये दर उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटकं मोफत दाखवली जातात. तिकिटासाठी तासन् तास रांगेत उभं राहावं लागतं. मग काही लोक पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहू लागले. सँडल यांचा आक्षेप असा की, जास्त पैसे मोजणाऱ्यालाच नाटकाची जास्त ओढ आहे, हे बाजाराचं गृहीतक खरं असतंच असं नाही. जास्त पैसे मोजणं हे अनेकदा फक्त खिशात जास्त पैसे असल्याचं लक्षण असतं.

मोफत तिकीट ठेवण्यामागचा हेतूच हा असतो की, प्रवेश पैशांवर ठरू नये. तिकीट विकलं गेलं की ज्याला बाहेर ठेवायचं नव्हतं तोच बाहेर राहतो. खुर्ची भरते, पण आयोजकाने ज्याच्यासाठी ती ठेवली होती तो तिथे नसतो.

मग नुकसान कुणाचं?

याचं सगळ्यात बोचरं उत्तर मँचेस्टरने दिलं.

२२ मे २०१७ रोजी मँचेस्टर अरीनामध्ये आरियाना ग्रांदेच्या कार्यक्रमानंतर आत्मघाती स्फोट झाला. त्यात २२ जणांचा जीव गेला. दोनच आठवड्यांत, ४ जूनला, त्याच शहरात ओल्ड ट्रॅफर्डच्या क्रिकेट मैदानावर 'वन लव्ह मँचेस्टर' ही मदत मैफल झाली. स्फोटाच्या रात्री अरीनात असलेल्या प्रेक्षकांना तिची तिकिटं मोफत द्यायचं ठरलं. बाकीच्यांसाठी तिकीट ४० पौंड आणि उत्पन्न पीडितांच्या निधीला.

त्या रात्रीच्या प्रेक्षकांची संख्या जास्तीत जास्त १४,२०० होती. मोफत तिकिटांसाठी मागण्या आल्या २५ हजारांहून अधिक. तिकीट कंपनी 'तिकीटमास्टर'च्या म्हणण्यानुसार १० हजारांहून जास्त अर्ज खोटे होते. विक्रीसाठी तिकिटं ऑनलाइनही दिसू लागली. ईबेने या वेळी वाद न घालता ती काढून टाकण्याची भूमिका घेतली.

खोट्या अर्जांमुळे प्रत्येक अर्ज तपासणं भाग पडलं. म्हणजे जी मुलं आणि जे पालक नुकतेच स्फोटातून वाचले होते, त्यांनाही आपण खरंच तिथे होतो, याची पडताळणी होईपर्यंत थांबावं लागलं.

नुकसान इथेच होतं. विकलेल्या तिकिटाची किंमत पुढचा प्रामाणिक माणूस चुकवतो. त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं जातं, पुरावे मागितले जातात, अटी वाढतात. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, कागदपत्रं धड नाहीत किंवा ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, तो आधी गळतो. म्हणजे ज्याच्यासाठी मोफत तिकीट ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा तोच.

दुसरं नुकसान देणाऱ्याच्या विश्वासाचं. अमेरिकेत 'व्हेट टिक्स' ही संस्था आजी-माजी सैनिकांना सामने आणि मैफलींची मोफत तिकिटं मिळवून देते. ती तिकिटं संघ, आयोजक आणि सामान्य लोक दान करतात. ती विकायला सक्त मनाई आहे आणि विकणाऱ्याला सदस्यत्व गमवावं लागू शकतं. यामागचं कारण सरळ आहे. दान दिलेली तिकिटं बाजारात दिसली, तर पुढच्या मोसमात कुठला संघ तिकिटं देईल?

सगळे विकणारे सारखेच का?

नाही, आणि सोशल मीडियावरच्या रागात हाच फरक हरवतो.

एक माणूस केवळ विकण्यासाठीच अर्ज करतो. दुसऱ्याला खरंच जायचं असतं, पण ऐनवेळी घरात आजारपण निघतं. तिसऱ्याला संस्थेकडून दोन पास मिळतात, पण घरात महिन्याचा किराणा भरायचा असतो. तिघांनीही तिकीट विकलं तरी तिघांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

पहिल्याने कुणाची तरी जागा अडवली. मर्यादित जागांसाठी नाव नोंदवताना तो 'मला यायचं आहे' असं सांगत होता आणि ते खोटं होतं. दुसऱ्याने फसवलं नाही, त्याच्यासमोर प्रश्न एवढाच आहे की तिकीट परत करावं, कुणाला तरी द्यावं की पैसे घ्यावेत.

तिसऱ्याचा प्रश्न अवघड आहे. गरिबाला मैफलीचा पास द्यायचा आणि त्याने तो विकून तेल-तांदूळ आणला की त्याला कृतघ्न म्हणायचं, हे सोपं आहे. पण त्याला काय हवं हे देणाऱ्याने विचारलं होतं का? मनोरंजनाचा हक्क गरिबालाही आहे, यात शंका नाही. तरीही त्याची गरज वेगळी असेल, तर तो पास न विकता परत करायची सोय हवी आणि मदतही दुसऱ्या रूपात मिळायला हवी. ती जबाबदारी देणाऱ्यावर येते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्यांची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मैफलींना तो नियम लागू नाही, म्हणूनच २००५ मध्ये ईबे कायद्याकडे बोट दाखवू शकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकिटांच्या फेरविक्रीवर बंदी आणण्याची योजना जाहीर केली. मोफत तिकिटाची मूळ किंमत शून्य असते, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

न्यूयॉर्क राज्य आणखी पुढे गेलं. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट्रल पार्कमधून जाणार होते, तेव्हा ८० हजार मोफत तिकिटं सोडतीने वाटली गेली आणि त्यातली काही लगेच ऑनलाइन विक्रीला आली. पुढे २०२२ मध्ये राज्याच्या कायद्यात बदल झाला आणि मुळात मोफत दिलेली तिकिटं विकण्यावर बंदी आली.

भारतात मैफलींच्या तिकिटांच्या फेरविक्रीसाठी देशपातळीवरचा स्वतंत्र कायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, त्याआधी तिकिटांच्या काळ्या बाजारावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. हा धोरणाचा विषय असल्याचं सांगत न्यायालयाने ती फेटाळली.

मोफत तिकिटांचा अनुभव मुंबईला त्याआधीच आला होता. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात 'ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल' झाला, तिथेही कोल्डप्ले होता. शिक्षण, स्वच्छता, स्त्री-पुरुष समानता अशा विषयांवर ऑनलाइन काही कृती पूर्ण करणाऱ्यांना मोफत तिकीट मिळवण्याची संधी होती. असं तिकीट विकत घेणाऱ्याला मैफल मिळेल, पण ज्या कृतीसाठी ते तिकीट दिलं गेलं, ती त्याने केलेलीच नसते.

यावर उपाय काय?

मायकल जॅक्सनच्या निधनानंतर ७ जुलै २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये श्रद्धांजली कार्यक्रम झाला. १७,५०० मोफत तिकिटांसाठी १६ लाख लोकांनी नोंदणी केली. विजेत्यांना आदल्या दिवशी बोलावून त्यांच्या मनगटावर पट्टी बांधली गेली. पट्टी काढली की बाद. विक्री अवघड झाली, पण दोनदा प्रवास करणंही आलं. नोकरीतून दोन दिवस सुटी न मिळणाऱ्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

तिकिटावर नाव छापणं, प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र पाहणं हे त्याच प्रकारचे उपाय. त्यांच्याइतकाच महत्त्वाचा, पण बऱ्याचदा विसरला जाणारा उपाय म्हणजे तिकीट परत करण्याची सोपी सोय. एका क्लिकवर तिकीट परत जाऊन प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळत असेल, तर 'वाया जाण्यापेक्षा विकलं' ही सबब उरत नाही. अशी सोय न ठेवता फक्त विकणाऱ्यांना दोष देणारा आयोजक स्वतःचं अर्धं काम टाळतो.

तुमच्या हातात असं तिकीट आलं तर?

ते कुणी आणि कुणासाठी ठेवलं होतं, हे आधी पाहा. कंपनीने जाहिरातीसाठी वाटलेला पास आणि रुग्ण, विद्यार्थी किंवा आपत्तीग्रस्तांसाठी राखलेली जागा यांत फरक आहे.

जाता येणार नसेल, तर आयोजकांना किंवा संस्थेला लवकर कळवा. परत करायची सोय नसेल आणि तिकीट हस्तांतरित करता येत असेल, तर जायची इच्छा असलेल्या कुणाला तरी ते फुकट द्या, कारण तुम्हालाही ते फुकटच मिळालं होतं.

आणि असं तिकीट विकत घेण्याचा मोह झाला, तर एक लक्षात ठेवा. 'लाइव्ह ८'च्या वेळी राग विकणाऱ्यांवर आणि ईबेवर निघाला. पण शेकडो पौंडांच्या खऱ्या बोली लावणारे लोक होते, म्हणूनच ती तिकिटं बाजारात आली होती.