बाई दिल्ली बघायला गेली

मोर्चासाठी दिल्लीला गेलेल्या बायकांनी लाल किल्ला बघावा की नाही, हा प्रश्न आपल्या बैठकांच्या विषयपत्रिकेवर कधी येत नाही. तो येतो बैठक संपल्यावर, चहाच्या वेळी, दबक्या आवाजात. एखादी बाई विचारते, "ताई, धरणं झाल्यावर थोडं फिरून पाहाले भेटन का जी?" आणि आपण बहुधा घाईघाईने सांगतो, वेळ मिळाला तर बघू. वेळ मिळत नाही. निवेदन द्यायचं असतं, पत्रकारांना गाठायचं असतं, रात्रीची परतीची गाडी असते. दोन रात्री जनरल डब्यात काढून बाई गावात परतते तेव्हा शेजारीण विचारते, "दिल्ली कशी होती?" आणि तिच्याजवळ सांगायला असतं ते जंतरमंतरचं पोलिसांचं कुंपण आणि नवी दिल्ली स्टेशनचा फलाट.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न विषयपत्रिकेवर आला पाहिजे. आणि हिशोबाच्या कागदावर 'पर्यटन' हा शब्द जसाच्या तसा लिहिला पाहिजे. 'अभ्यासदौरा' नको, 'क्षेत्रभेट' नको. अभ्यासदौरे पुरुष सदस्यांचेही होतात आणि त्यांत अभ्यास किती होतो ते आपण सगळ्याजणी जाणतो. पण त्यांना कोणी विचारत नाही. बायकांच्या सहलीचा एक दिवस मात्र 'कार्यक्रमाशी संबंधित नाही' म्हणून खर्चातून खोडला जातो. आमच्याकडे एका निधी देणाऱ्या संस्थेने तो खोडलाच. वीस-बावीस बायकांच्या एका दिवसाच्या बसभाड्याने कोणाचंही दिवाळं निघालं नसतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यात बचत गटांबरोबर आणि वनहक्काच्या प्रश्नावर काम करते. आमच्या भागातल्या बाईला घराबाहेर पडायला तीन कारणं चालतात: देव, दवाखाना आणि माहेर. चळवळीने त्यात चौथं घातलं, मीटिंग. हे चौथं कारण मिळवायलाही भांडावं लागलं, आणि ते मिळालं याचं मोल मी कमी करत नाही. पण चारही कारणांत एक गोष्ट सारखीच आहे. बाई कशासाठी तरी, कोणासाठी तरी बाहेर पडते. नुसतं बघायला, नुसतं फिरायला बाहेर पडलेल्या बाईसाठी आपल्या भाषेत चांगला शब्दच नाही. पुरुष फिरला तर चार गावचं पाणी प्यालेला, अनुभवी. बाई फिरली तर भटकभवानी. मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावरावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ मध्ये आलं, त्यात बायकांच्या निरुद्देश भटकण्याच्या हक्काची मांडणी आहे. शहरी मध्यमवर्गीय बाईचं ते खूळ आहे असं कोणाला वाटत असेल तर तिने एकदा आमच्या गटाबरोबर गाडीत बसावं.

कोणी म्हणेल, बायका कुटुंबाबरोबर सहलीला जातातच की. जातात. पण कशा जातात ते बघा. पहाटे उठून दशम्या करतात, रडणारं मूल सांभाळतात, आणि नवरा, दीर, मुलं वर चढून जातात तेव्हा खाली पायऱ्यांवर पिशव्या आणि चपला राखत बसतात. आमच्या एका बाईने अशी अर्धी देवळं नि सगळे किल्ले पायथ्यावरूनच पाहिलेत. कुटुंबाच्या सहलीत चूल तेवढी घरी राहते, चुलीचं काम बरोबर येतं. म्हणून बायका-बायकांनी जाणं ही निराळी गोष्ट आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही बावीस जणी वनहक्क आणि रेशनच्या मागण्या घेऊन गेलो तेव्हा एक पूर्ण दिवस राखून ठेवला. (ज्या गट पुढे जाणार असतील त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: लाल किल्ला आणि बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. त्यामुळे धरणं सोमवारी धरा, फिरणं मंगळवारी.) आमच्या बसवाल्याची यादी ठरलेली होती. कुतुबमिनार, लोटस टेंपल, इंडिया गेट, लाल किल्ला, राजघाट. बायकांनी त्या यादीत पहिल्याच चौकात एक नाव घुसवलं, २६ अलीपूर रोड.

बसवाल्याला ते ठाऊक नव्हतं. आमच्या बायकांना ठाऊक होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि १६ तारखेला चंद्रपूरला. पन्नाशीच्या पुढच्या कित्येकींच्या घरात त्या दिवसाच्या आठवणी सासू-सासऱ्यांकडून आलेल्या. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडलं, त्यानंतर ते अलीपूर रोडच्या घरात राहायला गेले आणि ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच त्यांचं निधन झालं. आता तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ मध्ये झालेलं. बाईच्या वारसाहक्कासाठी खुर्ची सोडणारा माणूस या जागी राहिला, हे तिथे उभं राहून सांगणं आणि आमच्या समाजमंदिरात तक्ता टांगून सांगणं, यांत फरक पडतो. का पडतो ते मला शास्त्रीय भाषेत सांगता येणार नाही. पडतो एवढं पाहिलं.

बाकीची दिल्लीही बायकांच्या बाजूने बघायची ठरवली तर बघता येते, फक्त कोणी दाखवत नाही. हुमायूनचा मकबरा घ्या. ताजमहालाचं काम १६३२ च्या सुमारास सुरू झालं, त्याच्या साठेक वर्षं आधी हा मकबरा उभा राहिला आणि तो उभारला हुमायूनच्या बेगमेने, हाजी बेगमने. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली कबर जगभर प्रेमाचं प्रतीक ठरली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली कबर मात्र 'मुघल वास्तुकलेचा महत्त्वाचा टप्पा' म्हणून ओळखली जाते. बाईने नवऱ्यासाठी केलं, त्यात काय विशेष, ते तर कर्तव्यच, असाच हिशोब असावा. आमच्यातल्या एकीने हे ऐकल्यावर विचारलं, "पैसे तिचे होते का?" हा प्रश्न इतिहासाच्या किती पुस्तकांत विचारलेला असतो?

चांदणी चौकाची आखणी शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने केली, १६५० च्या सुमारास. मध्यातून कालवा, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि परगावच्या व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई. १८५७ नंतर इंग्रजांनी ती सराई पाडली आणि तिथे टाउन हॉल बांधला. पुढे समोर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा आला, आणि स्वातंत्र्यानंतर तो जाऊन स्वामी श्रद्धानंदांचा आला. पुतळे बदलत गेले, आणि चौक जिने आखला तिचं नाव तिथे साड्या घ्यायला येणाऱ्या हजारो बायकांपैकी कितींना माहीत असेल?

त्याच जहाँआराची कबर निजामुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात आहे. वर छत नाही, नुसतं गवत. त्याच आवारात, जिथे शहजादी पुरली आहे, तिथे बाईला मुख्य मजारीच्या गाभ्यात प्रवेश नाही, जाळीतून बघायचं. पुण्यात कायदा शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी डिसेंबर २०१८ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली होती. जामा मशिदीच्या दारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एकट्यादुकट्या मुलींना मनाईच्या पाट्या लागल्या, ओरड झाल्यावर त्या काढल्या गेल्या. हे वाचून ज्यांना 'त्यांच्यात असंच असतं' म्हणावंसं वाटेल त्यांनी शनिशिंगणापूर आठवावं. तिथला चौथरा बायकांसाठी एप्रिल २०१६ मध्ये खुला झाला, तोही न्यायालयात जाऊन.

इंदिरा गांधींच्या सफदरजंग रोडच्या घरात आमच्या बायका सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या. तिथे त्यांची ३१ ऑक्टोबर १९८४ ची, गोळ्या लागलेली साडी काचेत ठेवली आहे, आणि ज्या वाटेवर त्या पडल्या ती वाटही काचेने झाकलेली आहे. आणीबाणीबद्दल आपली जी मतं आहेत ती आहेत, मी बसमध्ये ती सांगितलीही. पण काचेपाशी उभी राहून एक म्हातारी म्हणाली, "बाईले अंगणातच मारलं ना जी. आणि मारलं कोनं, राखनदारानं." समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना या वाक्यावर माझ्या भाष्याची गरज नाही.

इथेच भीतीची गोष्ट सांगायला हवी. बायका दिल्लीला निघाल्या की घरचे पुरुष पहिलं वाक्य बोलतात ते १६ डिसेंबर २०१२ चं. दिल्लीत काय होतं ठाऊक आहे ना? ठाऊक आहे. पण त्या घटनेनंतर आठवड्याभरात इंडिया गेट ते रायसीना टेकडीपर्यंतचा रस्ता तरुण मुलींनी भरून टाकला होता, पाण्याचे फवारे नि अश्रुधूर झेलत, हेही ठाऊक असायला हवं. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदी वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. दिल्लीची भीती दाखवून बाईला ज्या घरात थांबवायचं, ते घर आधी तपासून घ्या. मी दिल्ली सुरक्षित आहे असं म्हणत नाही. बावीस जणी एकत्र असलो तरी गर्दीत दोघींना धक्के बसलेच, त्यातल्या एकीने धक्का देणाऱ्याला तिथल्या तिथे वाजवली. गावात ती तसं करू शकली नसती, कारण गावात तो कोणाचा तरी पुतण्या निघाला असता.

इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात पडलेल्या तेरा हजारांवर सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यांत एका परिचारिकेचं आहे म्हणतात. आम्हाला सापडलं नाही, जवळ जाऊ देत नाहीत. त्या रस्त्याचं नाव २०२२ मध्ये राजपथाचं कर्तव्यपथ झालं. जवळच्या नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं २८ मे २०२३ ला, आणि त्याच दिवशी लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांना तिकडे मोर्चा नेताना पोलिसांनी ओढून गाडीत घातलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच इमारतीत महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती मंजूर झाली. आमच्या बसला दुरूनच वळावं लागलं. सर्वोच्च न्यायालयही खिडकीतूनच पाहिलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्कार प्रकरणात १९७८ मध्ये दोन पोलीस सुटले ते इथे. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. देसाईगंज आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं. बसमधल्या सोळा जणींनी हे पहिल्यांदा ऐकलं. प्रशिक्षणाच्या वर्गात कदाचित झोपल्या असत्या.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट, लघवीची. तिकिटाच्या वास्तूंच्या आत सोय असते, कर्तव्यपथ नव्याने केला तेव्हा तिथेही झाली. पण दोन ठिकाणांच्या मधला प्रवास आणि जुन्या दिल्लीच्या गल्ल्या, इथे बाईने काय करायचं? आमच्या बायकांनी ठरलेला उपाय केला, सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत. दुपारी एकीला चक्कर आली. तेव्हा पुढच्या वेळी मार्ग आखताना आधी संडास कुठे आहेत ते नकाशावर मांडायचे आणि मग मिनार, असं आम्ही ठरवलं आहे.

मेट्रोचा पहिला डबा २०१० पासून बायकांसाठी राखीव आहे. त्यात बसून सगळ्या खूष. पण खरी मजा सरकत्या जिन्यावर. पदर खोचून, निऱ्या मुठीत धरून, एकमेकींचा हात धरून चढल्या. वर पोचल्यावर चार जणी पुन्हा खाली आल्या, पुन्हा चढायला. कोणाच्या कामाचं नव्हतं ते, कोणत्याही अहवालात बसणारं नव्हतं.

काही मैत्रिणी म्हणतात, हे किल्ले-मकबरे म्हणजे सत्तेचं प्रदर्शन, राजांचे आणि साम्राज्यांचे, तिथे कष्टकरी बाईला कशाला न्यायचं? मला हा युक्तिवाद पटत नाही. सत्ता कशी दिसते हे तिने बघू नये असं ठरवणाऱ्या आपण कोण? दुसरं म्हणतात, रोजी बुडते. बुडते. म्हणून तर तो दिवस खर्चात धरायला हवा. आणि बाईची विश्रांती ही क्रांतीनंतर बघू म्हणण्यासारखी गोष्ट असेल, तर घरातले लोक निराळं काय म्हणतात?

तुर्कमान गेटजवळ बुलबुलीखान्याच्या गल्लीत रझिया सुलतानची मानली जाणारी कबर आहे. १२३६ ते १२४० अशी चार वर्षं ती दिल्लीच्या तख्तावर होती. घरांच्या मधोमध, वर छप्पर नाही. तिथे जायचं राहिलं, अंधार पडला होता. आमच्या सात गटांत आता महिन्याला पन्नास रुपये 'दिल्ली' या नावाने वेगळे जमा होतात, खतावणीत तसंच लिहिलेलं आहे. पंधरा नावं आली आहेत, त्यात एका घरातल्या सासू नि सून दोघी. दोघी एकदम गेल्या तर म्हशी कोण बघणार, यावर त्या घरात सध्या वाद चालू आहे. आपल्यापैकी कोणाच्या गटाने असा प्रवास स्वतःच्या पैशाने केला असेल तर मुक्काम कुठे केला आणि किती खर्च आला ते जरूर कळवा.