लांडग्याचा मुखवटा आणि यंत्रमागाच्या गावातला प्रेक्षक

पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, या युरोपीय लोकसमजुतीवर चित्रपटांची एक स्वतंत्र जातकुळीच उभी राहिली असून तिच्यातील बऱ्यावाईटाचा निवाडा प्रेक्षक फार पूर्वीपासून एकाच प्रसंगावर करत आला आहे. तो प्रसंग म्हणजे रूपांतराचा. १९४१ सालच्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये रंगभूषाकार जॅक पिअर्स याने नटाच्या चेहऱ्यावर याकचे केस थराथराने चिकटवले आणि प्रत्येक थरानंतर थोडे थोडे चित्रीकरण करून ते तुकडे एकमेकांत विरघळवले. १९८१ साली ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’साठी रिक बेकर याने रबरी कातडीखाली हवेच्या पिशव्या फुगवून तोच बदल भरउजेडात, कॅमेऱ्यासमोर सलग घडल्यासारखा दाखवला आणि रंगभूषेसाठी नव्यानेच सुरू झालेले पहिले ऑस्कर त्याला मिळाले. त्याच वर्षी जो दान्ते याचा ‘द हाउलिंग’ आला आणि चार वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याचा उत्तरभाग आला, ज्याला आजही जगभरचे भयपटप्रेमी हसतात आणि तरीही पुन्हा पाहतात. त्याच्यासाठी लांडग्यांऐवजी माकडांचे वेष येऊन पडले होते, असे दिग्दर्शक फिलिप मोरा यानेच पुढे सांगितले, तर त्यात काम केल्याबद्दल ख्रिस्तोफर ली या थोर नटाने दान्तेची नंतर माफी मागितली.

अशा चित्रपटांविषयी प्रेक्षक जे बोलतो त्याचे दोन प्रकार आहेत आणि समीक्षेने त्यांपैकी एकाचीच दखल घेतली आहे. ज्या कलाकृतीत कर्त्याचे गांभीर्य पूर्ण असते, परंतु साधनांच्या तुटपुंजेपणामुळे किंवा अभिरुचीच्या अतिरेकामुळे ते गांभीर्य पेलले जात नाही आणि त्या न पेलण्यातच पाहणाऱ्याला आनंद मिळतो, अशा कृतींच्या आस्वादाला इंग्रजी समीक्षेत ‘कॅम्प’ म्हणतात. सुझन सोंटॅग हिने १९६४ साली लिहिलेल्या निबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली. हा आस्वाद सुशिक्षित, सुस्थित आणि बराचसा उशिराने आलेल्या प्रेक्षकाचा आहे. दुसरा प्रकार पहिल्या आठवड्यात तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाचा; तो घाबरतोही, हसतोही, शिट्टीही मारतो आणि बाहेर पडताना पैसे वसूल झाले की नाही हे एका वाक्यात सांगून मोकळा होतो. या दुसऱ्या मताला अडाणीपणा समजण्याची जी सवय मराठी चित्रपटसमीक्षेला जडली आहे, ती चुकीची आहे.

आपल्याकडे लांडगा हा पडद्यावरच्या भयाचा स्वाभाविक वाहक कधीच झाला नाही, याला भूगोलही कारणीभूत आहे. राखाडी लांडगा हा दख्खनच्या उघड्या माळांवरचा, सोलापूर-नगरकडच्या धनगरांच्या वाड्यांभोवती फिरणारा प्राणी. त्याच्याशी मेंढपाळाचे नाते वैराचे असले तरी रोजच्या ओळखीचे आहे. कोकणपट्टीत आणि ठाणे-पालघरच्या डोंगरांत भीतीचा आणि भक्तीचा मान वाघाला मिळाला, म्हणून तेथील आदिवासी वाघदेव पुजतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. महेश भट्ट यांनी १९९२ मध्ये ‘जुनून’ काढला तेव्हा लंडनच्या लांडग्याची कथा घेऊनही पौर्णिमेला नायकाचा वाघच केला, हे या मातीत अगदी बरोबर बसले. त्याआधी १९७९ मध्ये राजकुमार कोहली यांच्या ‘जानी दुश्मन’मध्ये लाल वेषातील नववधू पाहताच संजीवकुमार यांच्या ठाकूरचा केसाळ राक्षस होत असे, मात्र तो बड्या नटनट्यांचा, खर्चिक चित्रपट होता. कमी पैशांत भय विकण्याचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो रामसे बंधूंनी.

तो धंदा जन्माला आला तोच मुळी प्रेक्षकाच्या मतातून, आणि ही गोष्ट तपशिलाने पाहण्यासारखी आहे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा १९७० सालचा चित्रपट पडला. परंतु त्यांच्या मुलांच्या, विशेषतः तुलसी आणि श्याम यांच्या, लक्षात आले की पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा चढवून संग्रहालयात चोरीला शिरतात तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक चित्रपटगृहात येत आहेत आणि तो संपला की उठून जात आहेत. पडलेल्या चित्रपटातून प्रेक्षकाने एक तुकडा उचलून वेगळा काढला आणि हाच आम्हाला हवा, असे न बोलता सांगितले. सात भावांच्या या कुटुंबाने ते ऐकले आणि महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, खर्च काही लाखांपुरताच ठेवून ‘दो गज जमीन के नीचे’ तयार केला, जो १९७२ मध्ये प्रदर्शित होऊन चालला. कोणत्याही समीक्षकाने त्यांना ही वाट दाखवली नव्हती.

त्यांची खरी बाजारपेठ महानगरांतील मोठ्या पडद्यांवर नव्हती. वितरणाच्या व्यवहारात ज्यांना ‘बी’ आणि ‘सी’ केंद्रे म्हणतात, म्हणजे लहान शहरे, तालुक्याची गावे आणि कामगारवस्त्या, तेथे हे चित्रपट मुरले. भिवंडी हे अशा प्रेक्षकाचे ठळक उदाहरण मानावे लागेल. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही या गावाचा जीव यंत्रमागावर चालतो. तेलंगणातील पद्मशाली, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले विणकर, स्थानिक कोकणी मुसलमान, आगरी आणि कुणबी अशी येथील वस्ती असून मागावरचा कामगार बारा बारा तासांच्या पाळीत, मीटरवर ठरलेल्या मजुरीने राबतो. चित्रपट हा त्याच्यासाठी फावल्या वेळाचा छंद नसून खानावळीचे पैसे, गावाकडे पाठवायची रक्कम आणि खोलीचे भाडे यांतून बाजूला काढलेल्या पैशांचा सौदा असतो. धोटा धावत असताना तुटलेली तार क्षणात हेरणाऱ्या आणि ताग्यातील दोषापायी मजुरी कापली जाण्याची धास्ती बाळगणाऱ्या या डोळ्याला मुखवट्याची शिवण दिसत नाही, असे समजणे हास्यास्पद आहे. ती त्याला दिसते. पण कापडाप्रमाणे येथेही तो भावाच्या मानाने माल पाहतो आणि स्वस्त मालाकडून रेशमाची अपेक्षा ठेवत नाही.

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ आणि पुढच्याच वर्षीचा ‘सामरी’ यांच्यातील फरकावरून हा निवाडा नीट समजतो. पहिल्यात सामरी या सैतानाची भूमिका करणारा अनिरुद्ध अगरवाल हा रुडकीला शिकलेला अभियंता होता. त्याची अवाढव्य उंची आणि लांबट चेहरा यांमुळे रंगभूषेवर फारसा भार न टाकताच भय उभे राहिले आणि चित्रपटाने मोठी कमाई केली. मग तेच नाव आणि तोच नट घेऊन, कथा मात्र वेगळी रचून, चष्मा लावून पाहायचा त्रिमिती ‘सामरी’ काढण्यात आला. त्याला उत्तरभाग म्हणावे तर कथेचा धागा जुळत नाही आणि न म्हणावे तर नावाचा आधार सुटत नाही. ‘द हाउलिंग’चा उत्तरभागही त्याच साली आला, हा योगायोग असला तरी दोहोंचा रोग एकच आहे: पहिल्या चित्रपटात जे भय नटाच्या देहातून आणि पटकथेच्या संयमातून आले, ते दुसऱ्यात युक्तीने आणि नावाने मिळेल, असा हिशेब. ‘पुराना मंदिर’ची जागा ‘सामरी’ला कधीच मिळाली नाही, यात प्रेक्षकाची पारख उघड दिसते.

या पारखीची तरफदारी करताना तिच्या मर्यादा झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रामसेपटांचा मोठा भाग स्त्रीदेहाच्या प्रदर्शनावर उभा होता, त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने पुरुष होता, आणि त्याच वस्त्यांमधील स्त्रियांना हे चित्रपट कसे वाटले असते हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. तांत्रिक, मांत्रिक आणि शाप यांच्या चित्रणाने अंधश्रद्धा बळावते, हा आक्षेपही २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात हलका मानता येत नाही. तथापि, राक्षस मुखवटा घातलेला माणूस आहे हे ओळखून शेकडो लोक एकत्र हसतात तेव्हा त्या राक्षसाचा दरारा वाढण्यापेक्षा ओसरण्याचीच शक्यता अधिक. बुवाच्या दरबारात असे हसण्याची मुभा नसते.

यंत्रमागाच्या गावांनी या पारखीचा पुरावा पुढे स्वतःच दिला. मालेगावात व्हिडिओ पार्लर, म्हणजे लहान खोलीत चित्रफिती दाखवण्याचा धंदा, चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पाहणारा हाच करणारा होऊ शकतो हे दाखवले. मराठीत महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांच्या हातांमुळे जिवंत झालेला बाहुला लोकांच्या मनात इतका रुजला की वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याचा त्रिमिती उत्तरभाग निघाला, तेव्हाही लोकांना ओढ होती ती त्या बाहुल्याची, चष्म्याची नव्हे. आता २०२२ च्या ‘भेडिया’ने संगणकाच्या साहाय्याने अरुणाचलच्या जंगलात माणसाचा लांडगा केला आणि भयाबरोबर विनोदही ठरवून पेरला. प्रेक्षकाच्या हसण्याची जागा आधीच आखून देणारा चित्रपट तंत्रात कितीही सफाईदार असला, तरी आपण काय पाहतो आहोत हे स्वतः ओळखण्याचा प्रेक्षकाचा वाटा तो कमी करतो, असे या स्तंभाचे स्पष्ट मत आहे.

तुलसी रामसे २०१८ मध्ये आणि श्याम रामसे २०१९ मध्ये गेले. त्यांच्या चित्रपटांवर इंग्रजीत पुस्तके निघाली, महोत्सवांत त्यांचे खेळ झाले. पण हे चित्रपट ज्यांनी तिकीट काढून जगवले त्यांची मते कोणी टिपली नाहीत, आणि १९८४ साली विशीत असलेला मागावरचा कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, विद्यापीठांतील माध्यमविभाग आणि भिवंडीतील महाविद्यालये यांनी मनावर घेतले तर या प्रेक्षकांच्या मुलाखती मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरीत ध्वनिमुद्रित करणे फार खर्चाचे काम नाही. तोवर भिवंडीच्या वाचकांनी एवढे तरी करावे: घरातील किंवा कारखान्यातील वडीलधाऱ्या माणसाला ‘पुराना मंदिर’ कुठे पाहिला, कोणत्या प्रसंगाला भीती वाटली आणि कोणत्या प्रसंगाला हसू आले हे विचारावे, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे.