अ‍ॅकॉर्डियन घेताय? आधी दुरुस्ती करणारा शोधा

या वेळचा प्रश्न इथल्याच, म्हणजे चेन्नईतल्या एका वाचक ताईंचा आहे. त्यांचे सासरे नुकतेच निवृत्त झाले. तरुणपणी ते हौशी ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, पण वाद्य कायम दुसऱ्याचं. आता फंडाचे पैसे हातात आले आणि त्यांनी घरात जाहीर केलं, की घेईन तर इटालियन, १२० बेसचं, नवंकोरं. ताई विचारतात, ‘‘इतके लाख घालायचे तर वाद्य टिकेल ना? बिघडलं तर इथे कोण बघेल? आणि उद्या बाबांना झेपलं नाही, तर विकलं जाईल का?’’

तिन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत, मी फक्त त्यांचा क्रम बदलेन. आपल्या देशात अ‍ॅकॉर्डियन घेताना दुरुस्तीचा प्रश्न पहिला, दर्जाचा दुसरा. पुढे मिळणारी किंमत या दोघांच्या मागून आपोआप येते.

बाबांची ओढ मात्र समजण्यासारखी आहे. ‘संगम’मधला गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवलेला राज कपूर त्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केर्सी लॉर्ड यांनी वाजवलेले तुकडे आजही कानात बसलेले आहेत. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या तर कित्येक मराठी घरांत होत्या. इकडे तमिळ चित्रपटांतही विश्वनाथन-राममूर्ती यांच्या साठच्या दशकातल्या गाण्यांत हे वाद्य भेटतं. पुढे कीबोर्ड आला. एका बटणावर अ‍ॅकॉर्डियनचा आवाज मिळू लागला आणि खरं वाद्य माळ्यावर गेलं. वाजवणारे कमी झाले तसे दुरुस्त करणारेही कमी झाले. सगळ्या अडचणीचं मूळ इथे आहे.

हे वाद्य आतून कसं असतं ते थोडं पाहू, म्हणजे पैसे कशाचे जातात ते कळेल. आपल्या पेटीसारखंच इथेही भाता आणि सूर. पण पेटीत हवा एकाच दिशेने वाहते, म्हणून एका सुराला एक पाती पुरते. दोन सुरी पेटीत साधारण ऐंशी पात्या असतात. अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडतानाही वाजतो आणि मिटतानाही, त्यामुळे प्रत्येक सुराला दोन पात्या लागतात. पूर्ण आकाराच्या वाद्यात उजव्या हाताला ४१ कळा असतात. त्यात सुरांचे चार संच धरले तर ३२८ पात्या झाल्या. डाव्या बाजूला बारा स्वरांचे पाच संच, त्यांच्या १२०. एकूण ४४८! या पात्यांच्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळेच्या मिश्रणाने चिकटवलेल्या असतात आणि बहुतेक पात्यांसमोर चामड्याची किंवा प्लास्टिकची बारीक झडप असते.

महाग आणि स्वस्त वाद्यातला खरा फरक या पात्यांत आहे. हाताने घडवलेली पाती हळू फुंकरीलाही बोलते, जोराच्या हवेतही फाटत नाही. यंत्रावर बनलेली स्वस्त पाती उशिरा बोलते आणि भाता जास्त खाते. इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावात पाओलो सोप्रानी यांनी १८६३मध्ये अ‍ॅकॉर्डियन बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून हे गाव या धंद्याचं माहेरघर आहे. पण नाव इटालियन किंवा जर्मन असलं म्हणजे वाद्य तिथेच बनलं असं समजू नका. होनर ही जर्मनीतली जुनी कंपनी, पण तिची ‘ब्राव्हो’ मालिका चीनमध्ये बनते. शिकण्यासाठी ती घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत त्या मानाने मोजा. विक्रेत्याला नुसता ब्रँड विचारू नका. बनलं कुठे आणि पात्या कुठल्या प्रतीच्या, हे दोन्ही विचारा.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सहसा आपण होऊन सांगत नाही. युरोपात बरीच अ‍ॅकॉर्डियन ४४२ला जुळवलेली असतात. आपला कीबोर्ड मात्र ४४०ला असतो. दोन्ही एकत्र वाजले, की त्या एका स्वरावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. एकट्याने वाजवताना काही कळत नाही, पण ऑर्केस्ट्रात बसलं की खटकतं. मग चारशेहून जास्त पात्या एकेक करून घासायच्या! नवं वाद्य मागवताना ‘४४०’ हा आकडा ऑर्डरमध्ये लिहून घ्या, तेव्हाच ते सोपं असतं. दोन सूर मुद्दाम किंचित वेगळे ठेवून जो थरथरता आवाज काढतात, तो किती हवा हेही आधीच सांगा. जुन्या हिंदी गाण्यांना तो हवा असतो, भजनाच्या साथीला मात्र फार थरथर नको.

दुरुस्तीचं काय? पेटीवाले आहेत की, असं कुणीही म्हणेल. खरं आहे, चांगला पेटीवाला एखादी पाती सुरात आणू शकतो. पण मेणात बसवलेल्या पट्ट्या, दुहेरी पात्या, झडपा आणि डाव्या बाजूचं तारा-तरफांचं जंजाळ हे वेगळं काम आहे. डावी बाजू उघडून पुन्हा जुळवणारा माणूस तुमच्या शहरात आहे का, याचा शोध पैसे देण्याआधी घ्या. अण्णा सालैवरच्या म्युझी म्युझिकलसारख्या जुन्या वाद्यांच्या दुकानात, चर्चच्या वाद्यवृंदात, लाइट म्युझिकच्या कलाकारांकडे चौकशी करा. तमिळ मोडकीतोडकी असली तरी चालेल, वाद्याचा विषय निघाला की लोक प्रेमाने सांगतात. दोन-तीन जणांनी एकाच कारागिराचं नाव घेतलं, तर त्याला भेटा. तो काय दुरुस्त करतो आणि काय करत नाही, हे स्पष्ट विचारा.

परदेशातून मागवलं तर हमीपत्र मिळतं, पण दहा-बारा किलोचं वाद्य परत पाठवायचा खर्च कोणाचा? हे लेखी घ्या. एक सोय लक्षात ठेवा. पात्यांचे ठोकळे सुटे निघतात, त्यामुळे कधीकधी अख्खं वाद्य न पाठवता तेवढेच पाठवता येतात. विक्रेता त्याला तयार आहे का, तेही विचारून ठेवा.

आता विक्री. युरोपात नावाजलेल्या वाद्याला गिऱ्हाईक मिळतं, कारण तिथे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कारागीर आहेत. चेन्नईत किंवा पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक मोजकं. वाहतूक, आयात शुल्क आणि कर भरून तुम्ही जी रक्कम मोजलीत, त्यातला शुल्काचा भाग पुढचा माणूस तुम्हाला देणार नाही. म्हणून नवं महागडं वाद्य गुंतवणूक म्हणून घेऊ नका. आनंदासाठी घ्या आणि बुडाली तर रात्रीची झोप उडणार नाही एवढीच रक्कम घाला. बिल, आयातीची कागदपत्रं, क्रमांकाचा फोटो आणि दुरुस्तीच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. आतून स्वच्छ आणि कागदांनी भक्कम असलेलं वाद्य लवकर जातं.

ताईंच्या सासऱ्यांसाठी माझं मत सांगते. एकदम १२० बेस नको. ते वजन मांडीवर आणि खांद्यांवर तासभर पेलायचं असतं, आणि सिनेमाची गाणी वाजवताना डाव्या बाजूच्या निम्म्या बटणांना हातही लागत नाही. ७२ किंवा ९६ बेसचं, सुस्थितीतलं वापरलेलं वाद्य घ्या आणि वर्षभर रोज वाजवा. ते विकायलाही सोपं, कारण शिकणारे तोच आकार शोधतात. वर्षानंतरही बाबा रोज संध्याकाळी ते काढून बसत असतील, तर मग खुशाल इटालियन घ्या. त्या वेळी काय हवं हे त्यांच्या बोटांनाच माहीत असेल.

चेन्नईत जुनी अ‍ॅकॉर्डियन निघतात. वेपेरी, पेरंबूरकडच्या जुन्या घरांमध्ये एखादं पेटाऱ्यात पडून असू शकतं. चकाकत्या सेल्युलॉइडला भुलू नका. पट्टे सोडा, वाद्य उजव्या बाजूने धरा आणि एकही कळ न दाबता डावी बाजू लटकू द्या. भाता अगदी सावकाश उघडला पाहिजे. धाडकन खाली आला, तर हवा गळते आहे. मग प्रत्येक कळ, प्रत्येक रजिस्टरवर, आधी भाता उघडताना आणि मग मिटताना, हळू आवाजात वाजवा. वेळ लागतो, विकणारा कंटाळतो, कंटाळू दे. शेवटी भात्याच्या खिळ्या काढून आत बघायची परवानगी मागा. मेण तडकलेलं, झडपा वळलेल्या आणि पात्यांवर गंज दिसला, तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. आत बघू देत नसतील तर नमस्कार करून निघा. कुबट वास आला तरीही.

घरी आणल्यावर इथल्या हवेशी गाठ आहे. समुद्राची दमट हवा पोलादी पातीला गंजवते आणि टोकाला गंज चढला की सूर उतरतो. आपल्याकडे जूनमध्ये जी काळजी घ्यायची, ती इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात घ्या. पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला. एसीच्या खोलीतून थेट दमट गॅलरीत नेऊ नका. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका, मेण मऊ पडून पट्ट्या सरकतात. वाद्य आडवं न ठेवता, वाजवताना जसं धरतो तसं उभं ठेवा, म्हणजे झडपा लोंबत नाहीत. गावी न्यायचं झालं तर रेल्वे बरी. विमानात हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलोची, आणि असं वाद्य सामानाच्या पट्ट्यावर सोडवत नाही. आणि रोज दहा मिनिटं तरी वाजवा, पात्यांना हवा लागली पाहिजे.