मुळाआधी शाखा मागणारे

मंडळी, जुन्या पोथ्या संगणकावर टंकणारी ओळखीतली तरुण मुले हल्ली एकच रडगाणे गातात. "गिटमध्ये नवी शाखा निघतच नाही, कसली ही प्रणाली!" रिकाम्या फोल्डरात 'गिट इनिट' करायचे, लगेच 'गिट ब्रँच' म्हणून शाखेचे नाव द्यायचे. 'मास्टर' किंवा 'मेन' हे नाव वैध नाही असे उत्तर आले की फोल्डर पुसायचे आणि पुन्हा तेच करायचे.

माझे स्पष्ट मत असे की इथे प्रणालीचे काहीही चुकलेले नाही. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली केलेल्या या गिटमध्ये शाखा म्हणजे फायलींची नक्कल नव्हे. एखाद्या नोंदीकडे, म्हणजे कमिटकडे, बोट दाखवणारे ते नाव. पहिली कमिटच नाही तर बोट दाखवायचे कुणाकडे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी 'गिट ॲड', मग 'गिट कमिट' करा. मग हव्या तेवढ्या शाखा काढा.

यावर उत्तर तयार असते, "आधी शुद्धलेखन सुधारतो, मग पहिली नोंद करतो." माझे खरे भांडण इथेच आहे. सुधारलेलेच पहिले म्हणून नोंदवले, तर पोथीत मुळात काय होते ते कुठलीही आज्ञा परत आणून देणार नाही. जसे आहे तसे आधी नोंदवा, शहाणपण नंतर शाखेवर दाखवा.

बीडकरांना तरी हे सांगावे लागू नये. वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी आपल्या बीडातच मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे असे त्यांचे मत होते. 1909 साली त्यांनी तिचा पाठ छापला. ज्ञानेश्वरीची ही एक वेगळी शाखाच म्हणा. पण ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. छापलेला एखादा शब्द पोथीतला की वाचणाऱ्याचा, हे आता ताडून पाहायचे कशाशी?

याउलट पैठणच्या नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा शेवटी शक लिहिला, स्वतःचे नाव घातले, काय केले ते सांगितले आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. कमिटच्या संदेशात याहून अधिक काय लागते हो?

"चार वेलांट्या बदलल्या तर काय बिघडले?" असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की बदलल्या त्या चार कोणत्या? सांगता येत नसेल तर ती दुरुस्ती नव्हे, खाडाखोड आहे. आणि असल्या खाडाखोडीला शाखा काढू देत नाही म्हणून गिटला दोष देऊ नये. असो.