मॅक्रोबंदी : दोष कुणाचा, दंड कुणाला?

मॅक्रो म्हणजे दस्तऐवजाच्या पोटात साठवलेली आज्ञावली. १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ हा विषाणू अशाच वाटेने वर्डच्या फायलींतून पसरला. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ने जगभरच्या ई-मेल यंत्रणा तुंबवल्या. ही वाट मायक्रोसॉफ्टनेच उघडून दिली होती, याचा बंदीची परिपत्रके काढणाऱ्यांना विसर पडतो.

दंड भोगतो तो चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावातला कारकून. देयकाच्या तळाशी ‘अक्षरी रुपये’ लिहिल्यावाचून पैसा हलत नाही. थायलंडच्या बात या चलनाची रक्कम अक्षरांत मांडणारे ‘बातटेक्स्ट’ हे सूत्र एक्सेलमध्ये आयते आहे. लाख-कोटींच्या मराठी रकमेसाठी तसे सूत्र नाही. (बातचे भाग्य थोर!) ती उणीव मॅक्रोने भरून निघते. सरसकट बंदी आली की विषाणूबरोबर ही सोयही जाते, रक्कम पुन्हा हाताने लिहावी लागते आणि चुकीचा जाब कारकुनालाच द्यावा लागतो.

बंदी अनावश्यक नव्हे. तिचा सरसकटपणा हा निव्वळ आळस आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२२ साली अडवले ते इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो. डिजिटल स्वाक्षरी असलेले चालू ठेवून बाकीचे बंद करण्याची तजवीजही आहे. मात्र त्यासाठी कोणता मॅक्रो कशाकरिता लागतो, हे आधी कारकुनाला विचारावे लागते.